पंधरा पिनांची मुभा

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए हे मॉनिटर जोडण्याचे मानक आणले आणि तीन ओळींत बसवलेल्या पंधरा पिनांचे त्याचे सॉकेट पुढची पंचवीसेक वर्षे बहुतेक संगणकांच्या पाठीवर राहिले. याच काळात घरच्या घरी अडॅप्टर जुळवण्याची कला बहरली. बंद पडलेल्या मॉनिटरची केबल कापायची, जुन्या ग्राफिक्स कार्डावरचे सॉकेट सोडवून घ्यायचे आणि एकमेकांना न बसणारी दोन यंत्रे जोडून दाखवायची. आज त्याबद्दल बोलणे निघाले की पूर्वीच्या लोकांच्या हातात कसब होते, आता ते उरले नाही, असा सूर लागतो. मला तो पटत नाही. माणसांपेक्षा तारेतून जाणारा सिग्नल जास्त बदलला. तो बदलताना काही वाटा भौतिकशास्त्राने अडवल्या, काही मात्र जाणूनबुजून बंद केल्या गेल्या. हे दोन्ही एकाच मापाने मोजले, तर या काळाचा हिशेब चुकतो.

व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग पिन १, २ आणि ३ वरून आपापल्या तारेने जातात. प्रत्येकाची कमाल पातळी सुमारे ०.७ व्होल्ट आणि तारेचा इम्पिडन्स ७५ ओहम. आडवी ओळ कधी सुरू करायची ते पिन १३ सांगते, नवे चित्र कधी सुरू करायचे ते पिन १४. चित्र उमटायला एवढे पाच सिग्नल आणि त्यांचे ग्राउंड पुरतात. जुन्या मॉनिटरची केबल सोलली तर आत तीन बारीक कोअ‍ॅक्सियल तारा निघतात, त्यांची वेष्टनेही बऱ्याचदा लाल, हिरवी, निळीच असतात. कोणती तार कोणत्या पिनेला जाते ते साध्या मल्टिमीटरने कळते, मॉनिटर उघडून पिक्चर ट्यूबच्या धोकादायक व्होल्टेजजवळ जावे लागत नाही. माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे इथे चूक डोळ्यांना दिसते. लाल तार सुटली की पांढरा भाग निळसर-हिरवा होतो, निळी सुटली की पिवळा, हिरवी सुटली की जांभळट-गुलाबी. पिन १४ चा उभा सिंक तुटला आणि मॉनिटरने तरी चित्र दाखवले, तर ते वरखाली सरकत राहते. कुठला सांधा तपासायचा हे पडदाच सांगतो, म्हणून नवशिक्यालाही शिकता येत होते.

असले अडॅप्टर बाजारात तयार मिळत असताना ही खटपट कशाला, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. सर्वसाधारण जोडणीपुरता तो रास्त आहे. पण खरी अडचण बाजाराने सोडून दिलेल्या यंत्रांची होती. अ‍ॅपलच्या जुन्या मॅकिन्टॉशलाही पंधराच पिना, पण दोन ओळींत. त्यातल्या ठरावीक पिना ग्राउंडला जोडल्या की कोणता मॉनिटर लावला आहे हे मॅकला समजे. सन आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनांवर तीन जाड कोअ‍ॅक्सियल आणि दहा बारीक पिनांचे एकाच आकाराचे सॉकेट असे, पण आतली मांडणी वेगवेगळी, त्यामुळे एकाची केबल दुसऱ्याला बसली तरी चालेलच असे नव्हते. कमोडोर अमिगाचा तेवीस पिनांचा प्लग इतका दुर्मीळ झाला की लोक प्रिंटर आणि मोडेमच्या केबलींचे पंचवीस पिनांचे प्लग करवतीने कापून तेवीसचे करू लागले. अर्थात, तारा जुळल्या म्हणजे सगळे जुळले असे नाही. अमिगाचा आडवा वेग साधारण १५.६ किलोहर्ट्‌झ, व्हीजीए मॉनिटरला किमान ३१.५ लागतो. तिथे अडॅप्टर हतबल. त्यापेक्षा युरोपातला स्कार्ट सॉकेटचा टीव्ही बरा, कारण त्याचा वेगही तोच आणि रंगांची पातळीही तीच ०.७ व्होल्ट.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अ‍ॅनालॉग चित्र लांब केबलीत पुसट होते, कडांना सावल्या पडतात, आणि डिजिटल आल्यावर घरगुती जोडणी संपणारच होती, असे म्हटले जाते. पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. १९९९ च्या डीव्हीआय या डिजिटल जोडणीने आपल्या एका प्रकारात अ‍ॅनालॉगच्या पिना राखल्या, त्यामुळे व्हीजीएचा अडॅप्टर नुसत्या तारांचाच राहिला. २००२ अखेर आलेल्या एचडीएमआयने डीव्हीआयच्याच रंगांसाठीच्या तारांच्या तीन जोड्या आणि क्लॉकची एक जोडी पुढे चालवली, म्हणून या दोहोंमधला साधा अडॅप्टरही निव्वळ तारांचा असतो. वेगाची अडचण मात्र खरीच. डीव्हीआयच्या एका जोडीतून सेकंदाला १.६५ अब्ज बिट जाऊ शकतात, आणि तिथे हाताने उलगडून सोल्डर केलेला सांधा सिग्नल बिघडवतो. याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. एचडीसीपी या इंटेलने घडवलेल्या कुलपाबद्दल मात्र देता येतो. चित्र पाठवणारे यंत्र पडद्याकडे परवान्याची किल्ली मागते. ती नसली की सगळ्या तारा बिनचूक जुळूनही पडदा काळा राहू शकतो, आणि या काळ्या पडद्यावरून सांधा सुटला की परवानगी नाकारली, हे कळत नाही. २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्लीच बाहेर फुटली, तरी परवान्याची अट तशीच राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि काही संगणक व पडदा कंपन्यांनी व्हीजीए टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, त्यासाठी २०१५ साल धरले.

डिजिटलपणा हा मूळ अडसर नव्हता याचा पुरावा २०२१ साली मिळाला. रास्पबेरी पाय पिको हे छोटे, स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड त्या वर्षी आले आणि ल्यूक रेन या अभियंत्याने त्यावरून थेट डीव्हीआय सिग्नल काढून दाखवला. वेगळी व्हिडिओ चिप नाही. आठ रेझिस्टर, एक एचडीएमआय सॉकेट आणि बाकी काम सॉफ्टवेअरचे. ६४० बाय ४८० च्या चित्राला प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे २५ कोटी बिट पुरतात, आणि एवढा वेग घरगुती जोडणीच्या आवाक्यात आहे. डीव्हीआयची मांडणी प्रसिद्ध आहे, कूटबद्ध नसलेला सिग्नल पडदे स्वीकारतात, म्हणून हे शक्य झाले. हाच पिको एचडीसीपी मागणाऱ्या ब्लू-रे प्लेअरसमोर पडदा म्हणून उभा करायचा, तर अडेल ते किल्लीच्या परवान्यापाशीही.