नर्सचे काम हलके कोणी ठरवले?

बारावी झालेली मुलगी घरात म्हणते, "मला नर्सिंगला जायचंय." आईचा चेहरा खुलतो, पण आजी कपाळाला हात लावते. "आमच्या पिढ्या लोकांची घाण उपसण्यात गेल्या. बाबासाहेबांनी त्यातून सोडवलं. आता शिकूनसवरून तू परत दुसऱ्याची घाणच काढणार का गं?"

माता-भगिनींनो, आजीचा राग खोटा नाही. ती कामे आपण निवडली नव्हती, आपल्यावर लादली होती. बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या घरांत नाळ कापायला अनेक ठिकाणी दलित सुईणच लागे. तिच्या हातचे कसब चालत होते, पण तिच्या हातचे पाणी चालत नव्हते. म्हणून प्रश्न सरळच विचारू या. आजारी माणसाचे अंग पुसणे हे काम मुळात हलके आहे काय?

तथागतांनी स्वतः पाणी ओतले

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. नंतर भिक्खूंना बोलावून सांगितले की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. रुग्णाची सेवा ही माझीच सेवा, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

तेथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-कुपथ्य कळावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस मानू नये. रुग्णाला वेळोवेळी धम्माचे बोल सांगून धीर द्यावा. म्हणजे किळस न मानणे हा पाचांतला एक गुण झाला. बाकीचे चार ज्ञानाचे आणि मनाचे आहेत. शिवाय हे सांगितले ते पुरुषांना. तेव्हा हे काम केवळ बायकांचे, असेही नाही.

सेवेची विद्या झाली

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या. तेथे जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मरत होते. १८५५ मध्ये सरकारी आरोग्य आयोगाने तेथील गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे नाइटिंगेलबाईंनी आकडे आणि आलेख मांडून हे राज्यकर्त्यांना पटवले. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, निचरा, स्वच्छता आणि उजेड हा त्यांच्या विचाराचा पाया होता. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या नावे शाळा निघाली.

या शाळांचे दार सर्वांना उघडे नव्हते. अमेरिकेत मेरी महोनी ही काळी मुलगी बोस्टनच्या एका इस्पितळात स्वयंपाक, धुणे, झाडलोट करीत होती. तेथेच १६ महिन्यांचे खडतर शिक्षण पुरे करून १८७९ साली ती अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित काळी नर्स झाली. इस्पितळ तेच होते. पण शिक्षणाने तिचे स्थान पालटले.

विसाव्या शतकात व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या १४ मूलभूत गरजा मांडल्या. श्वास, अन्न, शौच, झोप यांपासून मन मोकळे करणे, काम आणि शिकणे येथपर्यंत. त्यांच्या मते, ताकद, इच्छा व माहिती असती तर माणसाने स्वतःसाठी जे केले असते, ते नर्सने त्याच्यासाठी करावे. आणि तो लवकर स्वतःच्या पायावर उभा राहील असे पाहावे. परावलंबी ठेवायचे नाही, स्वावलंबी करायचे, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

घाण आणि अधिकार

आता आजीला उत्तर देता येईल. लादलेल्या कामात शिक्षण नव्हते, निर्णयाचा हक्क नव्हता, मान नव्हता. नर्स मात्र शौचाचा रंग पाहून रक्तस्राव ओळखते, नाडी व श्वास मोजून डॉक्टरला वेळीच सावध करते. तिच्यामागे अभ्यासक्रम, परीक्षा आणि कायदा आहे. भारतात १९४७ च्या कायद्याने परिचर्या परिषद आली. २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा संमत केला.

म्हणून प्रवेश घेताना डोळे उघडे ठेवा. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. संस्थेला मान्यता आहे का आणि शेवटी राज्याच्या परिषदेत नोंदणी होईल का, हे फी भरण्याआधी विचारा. नोंदणी नसेल तर हाती कागद राहतो आणि मुलगी पुन्हा बिनहक्काच्या राबणुकीत अडकते. नोकरीतही कंत्राटी नेमणूक, अपुरा पगार, एकीच्या माथी फार रुग्ण हे प्रश्न आहेत. त्यासाठी संघटितच व्हावे लागेल.

आजीला हे वाचून दाखवा. आणि वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारताना आवाजात थोडा आदर ठेवा.