खडू कुणाच्या हाती?

नववीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास. मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर चुकतं. बाई खडू त्याच्याच हातात देतात, "इथवर आलास कसा, ते फळ्यावर दाखव बघू." पेंगुळलेला वर्ग सावरून बसतो.

काही शिक्षकांना शिकवणं असं सहज जमतं. हे 'जमणं' नेमकं कशात असतं? १९९३ मध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी माध्यमिक शिक्षकांच्या जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांना जाणवलेला उत्साह आणि आपुलकी मुख्याध्यापकांच्या मूल्यमापनाशी बरीच जुळली. अर्थात, चांगला शेरा मिळणं वेगळं आणि मुलांना बीजगणित कळणं वेगळं. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

शिवाय स्वभावाला प्रेरणेची जोड लागते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार तिला तीन गोष्टी पोसतात: स्वायत्तता, काम जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. सतत निकालाचा धाक असलेला शिक्षक नकळत तोच धाक वर्गात नेतो. मग चुकलेल्या मुलाला खडू मिळत नाही, उत्तर बाईच लिहून टाकतात, कारण पोर्शन संपवायचा असतो.