प्रदीर्घ साक्षगंधानंतरचा साधा विवाह

भंडारा जिल्ह्यातील आपल्या कुटुंबांत साक्षगंध आणि विवाह यांमधील अंतर कधी कधी फार वाढते. नोकरी पक्की होईपर्यंत थांबू, थोरल्या बहिणीचे लग्न आधी होऊ दे, यंदा धान हाती लागले नाही, बाबांचे आजारपण संपू दे, अशा एकेका कारणाने वर्ष मागे पडते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तर साऱ्या जगालाच थांबावे लागले. त्या काळात ठरलेली लग्ने पुढे ढकलली गेली आणि काही घरांत ती नंतरही रखडत राहिली. अखेर तारीख ठरवायची वेळ येते तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघेही म्हणतात, "आता गाजावाजा नको. चर्चमध्ये जाऊ, आशीर्वाद घेऊ, घरची चार माणसे जेवतील." मोठी माणसे मात्र अस्वस्थ होतात. "इतकी वर्षे थांबलो ते असे गुपचूप लग्न करण्यासाठी? सोयरे काय म्हणतील?"

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. त्यामागे मानाचा, नात्यांचा आणि श्रद्धेचाही विचार आहे. म्हणून ख्रिस्तसभा याविषयी काय शिकवते आणि असा विवाह कसा योजावा, याचा आपण येथे क्रमाने विचार करू या.

साक्षगंध म्हणजे काय?

साक्षगंध हा साक्रामेंत नव्हे. ते विवाहाचे वचन आहे. त्या वेळी धर्मगुरू जोडप्याला आशीर्वाद देतात, परंतु तो विधी विवाहविधीसारखा वाटू नये म्हणून मिस्साबलिदानाशी जोडला जात नाही. १९८३ सालच्या कॅनन लॉचे १०६२ वे कलम स्पष्ट सांगते की, या वचनाच्या आधारे कोणालाही विवाह करण्यास भाग पाडता येत नाही. वचन मोडल्याने कोणाचे नुकसान झाले असेल तर भरपाई मागता येते, पण विवाहाची मागणी करता येत नाही.

प्रदीर्घ साक्षगंधाच्या बाबतीत हा नियम फार महत्त्वाचा आहे. वर्षे जातात तशी माणसेही बदलतात. पाच वर्षांपूर्वी होकार देणारी मुलगी आज शिक्षिका झालेली असते. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला राहून वेगळ्या सवयी घेऊन आलेला असतो. तरीही मनात एक दडपण असते: एवढी वर्षे घरच्यांनी वाट पाहिली, आता नाही कसे म्हणायचे? वाचकहो, हे दडपण म्हणजे संमती नव्हे. भीतीने किंवा बळजबरीने दिलेली संमती विवाहाला वैध ठरवत नाही, असे कॅनन लॉचे ११०३ वे कलम सांगते. म्हणूनच विवाहापूर्वी धर्मगुरू वधू आणि वर यांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांकडे उपचार म्हणून पाहू नये. आईवडिलांनीही एकदा शांतपणे मुलांना विचारावे, "तुमचा होकार आजही तुमचाच आहे ना?" हा प्रश्न विचारल्याने घराचा मान कमी होत नाही. होकार मनापासूनचा असेल तर तो या प्रश्नाने अधिक दृढ होतो.

थांबण्याचा काळ वाया गेला असेही कोणी समजू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने राहेलसाठी सात वर्षे चाकरी केली आणि तिच्यावरील प्रीतीमुळे ती वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असे आपण वाचतो. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांचीही मागणी झालेली होती. त्या प्रतीक्षेतच योसेफाच्या विश्वासाची कसोटी लागली. संयमाने, शुद्धतेने आणि प्रार्थनेने घालवलेली प्रतीक्षा ही विवाहाचीच तयारी असते.

साधा विवाह आणि गुप्त विवाह

साधा विवाह म्हणजे गुपचूप विवाह नव्हे. हा भेद समजण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल. मध्ययुगात युरोपमध्ये साक्षीदारांविना, केवळ एकमेकांना शब्द देऊन विवाह होत असत. पुढे एकजण तो शब्द नाकारी आणि दुसऱ्याचे, बहुधा स्त्रीचे, आयुष्य उद्ध्वस्त होई. हा अन्याय थांबवण्यासाठी त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली 'तामेत्सी' या आदेशाने, धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच विवाह व्हावा, असा नियम घातला. १९०७ सालच्या 'ने तेमेरे' या आदेशाने हा नियम अधिक व्यापकपणे लागू झाला. आजही अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर दिलेली संमती हाच कॅथलिक विवाहविधीचा नियम आहे.

म्हणजे ख्रिस्तसभेने समाजाची उपस्थिती मागितली ती दुर्बलाच्या रक्षणासाठी. तिने संख्या मागितलेली नाही. दोन साक्षीदारांसमोर झालेला विवाह आणि दोन हजार पाहुण्यांसमोर झालेला विवाह यांत साक्रामेंताच्या दृष्टीने तिळमात्र फरक नाही. मात्र पुकार व्हावेत, नोंद व्हावी आणि धर्मग्रामाला कळावे, हे आवश्यक आहे. पत्रिका छापली नाही तरी चालेल, पण रविवारच्या मिस्सानंतर होणारे पुकार टाळण्यासाठी धर्मगुरूंना गळ घालू नये.

आपल्याला याचा अनुभवही आहे. मे २०२० मध्ये विवाहास ५० जणांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती २५ जणांवर आणली आणि समारंभ दोन तासांत आटोपण्याचे बंधन घातले. त्या दिवसांत विवाहबद्ध झालेली जोडपी आज आपल्यामध्ये संसार करीत आहेत. त्यांचा विवाह अपुरा आहे असे कोणी म्हणत नाही. संकटाच्या काळात जे शोभले ते आपल्या इच्छेने केल्यास कमीपणाचे का वाटावे?

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात याच दुखण्यावर बोट ठेवले. आमंत्रणे, कपडे आणि मेजवानी यांच्या धावपळीत पैसा, शक्ती आणि आनंद खर्ची पडतो आणि जोडपे विवाहाच्या दिवशी थकून उभे राहते, असे ते म्हणतात. खर्च झेपत नाही म्हणून काही जोडपी विवाहच करीत नाहीत, याचेही त्यांना दुःख होते. दिखाऊपणाच्या प्रवाहात वाहून न जाता वेगळे होण्याचे धैर्य दाखवा, असे आवाहन त्यांनी तरुणांना केले.

आधी कागद, मग तारीख

साक्षगंध लांबलेल्या जोडप्यांची एक अडचण नेहमी लक्षात येत नाही. त्यांनी काही वर्षांपूर्वीच कागदपत्रे गोळा केलेली असतात आणि ती चालतील असे गृहीत धरलेले असते. बाप्तिस्म्याचा दाखला सामान्यतः गेल्या सहा महिन्यांतील लागतो, कारण विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत केली जाते आणि नवा दाखलाच व्यक्ती अविवाहित असल्याचे दाखवतो. म्हणून जुना दाखला असला तरी ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तेथून नवा मागवावा. दृढीकरण राहिले असेल तर तेही या काळात घ्यावे. विवाहपूर्व शिबिर पूर्वी केले असले तरी दोघांनी पुन्हा एकदा धर्मगुरूंसोबत बसावे. तेव्हाचे प्रश्न आणि आताचे प्रश्न एक नसतात.

मधल्या वर्षांत एकजण दुसऱ्या शहरात राहिला असेल तर तेथील धर्मग्रामाकडूनही विवाहास अडथळा नसल्याचे पत्र लागू शकते. वधू किंवा वर यांपैकी एकजण कॅथलिक नसेल, तर महागुरूस्वामींची परवानगी अथवा सूट आवश्यक असते. आपल्या जिल्ह्यात कॅथलिकांची संख्या थोडी असल्यामुळे हा प्रसंग विरळा नाही. नागपूर येथील महाधर्मप्रांताच्या कार्यालयातून हे काम होण्यास अवधी लागतो. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी, किमान तीन महिने आधी, आपल्या धर्मगुरूंना भेटावे.

काही जोडपी बदली, पासपोर्ट किंवा घराच्या कर्जासाठी आधी नोंदणी विवाह उरकतात आणि चर्चमधील विधी 'नंतर सावकाश' करू म्हणतात. कायद्याने ती पतिपत्नी होतात, पण कॅथलिकांसाठी ख्रिस्तसभेच्या विधीविना विवाह वैध होत नाही. असे झाले असल्यास लाजून दूर राहू नये. धर्मगुरूंना भेटावे. विवाह वैध करून घेण्याची सोय ख्रिस्तसभेत आहे आणि तो विधी अगदी साधेपणाने होऊ शकतो.

चर्चमधील विवाहाला देशाचा कायदाही मान्यता देतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार कॅथलिक धर्मगुरू विवाहाची नोंद ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी त्याची माहिती शासनाकडे पाठवतात. विवाहानंतर चर्चच्या नोंदवहीचा अधिकृत उतारा घेऊन ठेवावा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाह निबंधकांकडेही नोंद करायची असल्यास ती ९० दिवसांच्या आत करावी.

दिवस कोणता?

आपल्या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत कोणी लग्न काढत नाही. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, मग चुरणे आणि विक्री, आणि हातात पैसा येईतो आगमनकाळ सुरू होतो. पुढे प्रायश्चित्तकाळ येतो आणि पास्खानंतर विदर्भाचे ऊन. विवाहविधीनुसार शुभ शुक्रवारी आणि पवित्र शनिवारी विवाह होत नाहीत. आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात त्या काळाचे गांभीर्य राखावे लागते. मोठ्या समारंभासाठी हे गणित जुळवताना वर्ष निघून जाते. साध्या विवाहाला मात्र जानेवारीतील एखादी सकाळही पुरते. लॉन मिळत नाही, बँडवाल्याची तारीख नाही, या अडचणीच उरत नाहीत.

आणखी एक सुंदर मार्ग आहे. धर्मगुरूंची संमती असेल आणि त्या रविवारी मोठा सण नसेल, तर रविवारच्या मिस्साबलिदानातच विवाह होऊ शकतो. त्या दिवसाचाच मिस्सा होतो आणि त्यात विवाहाची संमती व आशीर्वाद येतो. वेगळे पाहुणे बोलवावे लागत नाहीत. ज्यांच्यासोबत आपण दर रविवारी प्रार्थना करतो तो धर्मग्रामच वऱ्हाडी होतो.

कोणाला बोलवावे?

खरी ओढाताण येथे होते. पन्नास नावे लिहायची म्हटली की दोनशे नावे मनात येतात. आमची सूचना अशी की, दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून आधी एकच प्रश्न विचारावा: गेल्या प्रतीक्षेच्या वर्षांत कोण आपल्यासोबत उभे राहिले? आजारपणात रुग्णालयात रात्र काढणारा शेजारी, हात उसने पैसे देणारा मामा, दर आठवड्याला जपमाळेला येणाऱ्या काकू, ही नावे आधी लिहावीत. त्यांत शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नये. उरलेल्या नातेवाइकांना लग्नानंतर नव्हे, तर लग्नापूर्वीच स्वतः भेटून किंवा फोन करून सांगावे. माणूस दुखावतो तो बहुधा जेवण चुकल्यामुळे नव्हे. आपल्याला ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली, याचे त्याला दुःख होते.

दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांची संख्या आणि खर्चाची वाटणी आधीच मोकळेपणाने ठरवावी. 'साधे लग्न' म्हणून एका बाजूने हात आखडायचा आणि मागच्या दाराने आंदणाची यादी पाठवायची, हा साधेपणा नव्हे. हुंडा देणे आणि घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ख्रिस्ती अंतःकरणाला तर ते मुळीच शोभत नाही.

जेवण पंगतीचे असो, वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी एवढेच असो, पण ते प्रेमाने वाढलेले असावे. मेजवानी देशील तेव्हा ज्यांना परतफेड करता येत नाही अशा गरिबांना बोलाव, अशी प्रभू येशूची शिकवण संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. वाचलेल्या पैशातील थोडा भाग एखाद्या मुलाच्या शाळेच्या शुल्कासाठी किंवा रुग्णाच्या औषधासाठी दिला, तर विवाहाचा आनंद आपल्या अंगणापलीकडे पोहोचेल.

ज्या कुटुंबाला चर्चची दक्षिणाही जड वाटते त्यांनी संकोच करू नये. गरिबीमुळे कोणीही साक्रामेंतापासून वंचित राहू नये याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी, असे कॅनन लॉचे ८४८ वे कलम सांगते. पैशासाठी विवाह लांबला असेल, तर ही गोष्ट धर्मगुरूंच्या कानावर आधीच घालावी.

काय कमी करू नये

मांडव लहान करा, पण विधी लहान करू नका. पवित्र शास्त्रातील वाचने दोघांनी मिळून निवडावीत. विवाहाच्या आधी दोघांनी प्रायश्चित्त साक्रामेंत घ्यावा. संमतीचे शब्द पाठ करावेत आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे उच्चारावेत. अंगठ्या व मंगळसूत्र यांचा आशीर्वाद घाईने उरकू नये. छायाचित्रकार एकच असावा आणि त्याने वेदीभोवती गर्दी करू नये. आजीआजोबांपैकी जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी नवदांपत्याने त्याच दिवशी जाऊन आशीर्वाद घ्यावा. साध्या लग्नात त्यासाठी वेळ मिळतो, हाच त्याचा मोठा लाभ.

गालीलातील काना येथील लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा त्या घराची अब्रू जाण्याची वेळ आली होती. पवित्र मरियेच्या ते ध्यानात आले. तिने कोणाला दोष दिला नाही, गाजावाजा केला नाही, केवळ आपल्या पुत्राला सांगितले. प्रभूने आपले पहिले चिन्ह अशा घरी केले, जेथे पुरवठा कमी पडला होता. म्हणून आपल्याकडे काय कमी आहे याची लाज न बाळगता, येशू व मरिया यांना प्रथम आमंत्रण द्या. ज्यांनी वर्षानुवर्षे धीराने वाट पाहिली, त्या सर्व वधूवरांना आणि त्यांच्या मातापित्यांना प्रभूचा भरभरून आशीर्वाद लाभो, हीच आमची प्रार्थना.