रस्ता, पूल आणि पुराणवास्तु : ओव्हर्टन उद्यानाचा निवाडा व आपला कायदा

खंडाळ्याच्या घाटांतील ‘अमृतांजन पूल’ या नांवानें ओळखला जाणारा जुना दगडी पूल ता. ५ एप्रिल २०२० रोजीं सुरुंग लावून पाडण्यांत आला. हा पूल १८३० च्या घाटरस्त्याच्या काळचा म्हणून प्रसिद्ध होता. लौकिक नांव मात्र त्यावर पूर्वीं झळकणाऱ्या एका मलमाच्या जाहिरातीवरून पडलेलें. त्याचे खांब मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या ऐन रुंदींत येत असल्यामुळें तेथें वाहनांची कोंडी होई. टाळेबंदीमुळें रस्ता ओस पडला ही संधि साधून काम उरकण्यांत आलें. पूल पाडला हें योग्य कीं अयोग्य, हा वाद आम्हांस येथें घालावयाचा नाहीं. परंतु असा निर्णय कोणीं, कोणत्या कसोटीनें व कोणते कागद समोर ठेवून करावयाचा, ही गोष्ट इतिहासाच्या साधनांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्याजोगी आहे. रस्तेबांधणीस अडविणारा कायदा आहे कीं नाहीं, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. त्याचें खरें उत्तर ‘आहे, परंतु आपण समजतों तेथें नाहीं’ असें द्यावें लागेल.

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणें मांडला गेला तो अमेरिकेंत. टेनेसी प्रांतांतील मेंफिस शहरीं ओव्हर्टन नांवाचें ३४२ एकरांचें सार्वजनिक उद्यान आहे. त्यांत प्राणिसंग्रहालय, चित्रशाळा, उघड्यावरचें नाट्यगृह व कुऱ्हाड न लागलेलें जुनें अरण्य आहे. पूर्वपश्चिम जाणारा सहापदरी राष्ट्रीय महामार्ग या उद्यानाच्या मधून न्यावा अशी योजना १९५६ पासून मान्य झालेली होती. उद्यानांतून चाळीस-पन्नास फूट रुंदीची एक गाडीवाट पूर्वींपासून होतीच. तिच्याच मार्गावर सुमारें २५० फूट रुंदीची पट्टी काढावयाची, रस्ता जमिनीच्या पातळीखालीं खोल न्यावयाचा, फक्त एका लहान ओढ्यापाशीं तो वर येईल, असा बेत होता. यांत उद्यानाची २६ एकर जमीन जाणार होती, आणि प्राणिसंग्रहालय बाकीच्या उद्यानापासून तुटणार होतें. शहराच्या नगरसभेची संमति होती, प्रांताच्या रस्तेखात्याचा आग्रह होता. विरुद्ध बाजूस कांहीं नागरिक व निसर्गरक्षणाच्या एकदोन संस्था.

मध्यंतरीं ता. १५ ऑक्टोबर १९६६ रोजीं तेथें दोन कायद्यांवर सही झाली. एकानें ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदपुस्तिका स्थापन झाली; दुसऱ्यानें दळणवळण खातें निर्माण झालें. या दुसऱ्या कायद्याच्या चवथ्या कलमांत एक लहानसें पोटकलम आहे. त्याचा आशय असा कीं, सार्वजनिक उद्यान, क्रीडांगण, पशुपक्ष्यांचें अभयस्थान किंवा राष्ट्रीय, प्रांतिक अगर स्थानिक महत्त्वाचें ऐतिहासिक स्थळ यांची जमीन लागणाऱ्या कोणत्याही योजनेस खात्याच्या सचिवानें मंजुरी देऊं नये. अपवाद एवढाच कीं, शक्य व शहाणपणाचा दुसरा मार्ग मुळींच नसला पाहिजे, आणि हानि कमी करण्याची सर्व संभाव्य तजवीज झालेली असली पाहिजे. ‘स्थानिक महत्त्वाचें’ हे दोन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. एखाद्या खेड्यापुरतीच ज्याची थोरवी, असें स्थळही त्यांत येतें.

नागरिक खालच्या दोन न्यायालयांत हरले. सर्वोच्च न्यायालयानें ता. २ मार्च १९७१ रोजीं निकाल त्यांच्या बाजूनें फिरविला. न्यायमूर्ति थर्गुड मार्शल यांनीं लिहिलेल्या या निवाड्याचे दोन भाग आहेत. पहिला कसोटीविषयीं, दुसरा पुराव्याविषयीं.

सरकारपक्षाचें म्हणणें, सचिवानें खर्च, अंतर, रहदारीची सोय आणि उद्यान हें सगळें एका तागडींत घालून तोलावें व जें जड भरेल तें करावें. हें वरकरणी समंजसपणाचें दिसतें. न्यायालयानें मात्र त्यांतील मेख उघड केली. उद्यानाची जमीन आधींच सरकारची. ती घेण्यास पैसा पडत नाहीं, घरें पाडावीं लागत नाहींत, कोणाचें दुकान उठत नाहीं. तेव्हां केवळ खर्च व सोय यांच्याशीं बरोबरीनें तोललें तर रस्ता प्रत्येक वेळीं उद्यानांतूनच जाणार, आणि मग कायदा करण्याचें प्रयोजनच उरत नाहीं. म्हणून रक्षण हें पहिलें, बाकीच्या गोष्टी मागाहून. दुसऱ्या मार्गांत अगदीं विलक्षण अडचणी असतील किंवा खर्च व उलथापालथ असाधारण प्रमाणाची होत असेल, तरच उद्यानास हात लावावा.

या युक्तिवादाचें मर्म आपल्याकडे फार लागू पडतें असें आम्हांस वाटतें. आपले वीरगळ, गद्धेगाळ, पडक्या बारवा, जुन्या वेशी बहुधा कोठें असतात? गांवठाणाच्या कडेस, गायरानांत, ओढ्याच्या उतारापाशीं, म्हणजे ज्या जमिनीचा मोबदला मागण्यास कोणी पुढें येत नाहीं अशा ठिकाणीं. मोजणीदाराच्या नकाशावर ती जागा पांढरी दिसते. रेषा तिकडेच वळते, आणि त्यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असेंही नाहीं.

निवाड्याचा दुसरा भाग कायदेपंडितांनीं फार चर्चिलेला आहे. परंतु आमच्या मतें तो कायदेपंडितांपेक्षां कागदपत्रांच्या अभ्यासकांस अधिक जवळचा वाटावा. सचिवानें मंजुरी दिली तेव्हां तिचीं कारणें लिहून ठेवलीं नव्हतीं. दावा उभा राहिल्यावर सरकारपक्षानें प्रतिज्ञापत्रें तयार करून दाखल केलीं आणि खालच्या न्यायालयांनीं तेवढ्यावरच निकाल दिले. सर्वोच्च न्यायालय म्हणालें, हीं प्रतिज्ञापत्रें मागाहून रचलेलें समर्थन होत; निर्णय करतेवेळीं सचिवासमोर जें संपूर्ण दफ्तर होतें तें आणा आणि त्यावरून ठरवा. बखर व समकालीन पत्र यांमधला जो भेद आपण दोन पिढ्या घोकीत आलों, तोच हा. प्रसंगानंतर, परिणाम ठाऊक झाल्यावर, कोणाच्या तरी बाजूनें लिहिलेली कैफियत एकीकडे, आणि प्रसंगीं लिहिलेला तारखेचा अस्सल कागद दुसरीकडे. न्यायालयानें कैफियत बाजूस सारली व दफ्तर मागविलें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत. न्यायालयानें रस्त्यास मनाई केली नव्हती, पुनर्विचार करविला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. त्या पुनर्विचारांत १९७३ च्या जानेवारींत सचिव व्होल्पी यांनीं, दुसरा मार्ग नाहींच असें आपणांस म्हणतां येत नाहीं, असा निर्णय दिला. प्रांतानें आणखी कांहीं वर्षें प्रयत्न चालू ठेवले. १९८१ सालीं ती योजना सोडून देण्यांत आली व महामार्ग शहराच्या उत्तरेकडील वळणरस्त्यानें गेला. परंतु तोंपर्यंत उद्यानाच्या पूर्वेकडील पट्टींतील कित्येक घरें जमीनदोस्त झालीं होतीं. अरण्य वाचलें, राहत्या माणसांचीं घरें गेलीं. हा हिशेब विसरून या निवाड्याचे केवळ पोवाडे गाणें आम्हांस रुचत नाहीं.

त्या पोटकलमाची धार पुढें थोडी बोथटही करण्यांत आली. २००५ च्या कायद्यानें, हानि अगदीं किरकोळ असेल तर दुसरा मार्ग शोधण्याची अट माफ झाली. त्याच कायद्यानें खुद्द राष्ट्रीय महामार्गांच्या जाळ्यास, निवडक भाग वगळून, ‘ऐतिहासिक स्थळ’ समजण्यांतून सूट दिली. कारण ते महामार्गही पन्नाशीला आले होते, आणि तेच जुन्या वस्तु ठरून आपल्याच दुरुस्तीच्या आड येण्याची वेळ आली होती!

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखालीं ता. १६ जून १९९२ रोजीं एक अधिसूचना निघाली. तीप्रमाणें केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामास निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरलें. निषिद्ध हद्दींत एका सल्लागार समितीमार्फत परवानग्या दिल्या जात. दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ च्या ऑक्टोबरांत त्या बेकायदा ठरविल्या. त्यानंतर २०१० च्या दुरुस्तीनें ही हद्द मूळ कायद्यांतच घातली गेली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालें. या दुरुस्तीनें निषिद्ध हद्दींत सार्वजनिक कामासही नवी परवानगी बंद केली. रस्ते व पूल यांना ती मोकळी करावी असें विधेयक लोकसभेनें २०१८ च्या जानेवारींत संमत केलें. राज्यसभेंत तें प्रवर समितीकडे गेलें व कायद्याचें रूप पावलें नाहीं.

दोन्ही पद्धतींतील भेद सहज दिसतो. अमेरिकेंत कसोटी, आपल्याकडे रेषा. रेषेचा गुण असा कीं ती मोजतां येते, तीवर पांडित्य चालत नाहीं. पुण्याच्या वनाझ-रामवाडी मेट्रोचा मार्ग मुळांत नगर रस्त्यानें आगाखान महालासमोरून जावयाचा होता. महादेवभाई देसाई १९४२ सालीं व कस्तुरबा १९४४ सालीं जेथें निवर्तल्या, तो हा महाल केंद्रसंरक्षित. त्यामुळें शंभर मीटरांचा प्रश्न उभा राहून मार्ग कल्याणीनगराकडे वळविण्यांत आला. वळविला तो मुळामुठेच्या कांठच्या सालिम अली पक्षिस्थानाकडे सरकला, आणि पक्षिप्रेमी मंडळी हरकतीस उभी राहिली. रेषेनें स्मारक राखलें. पलीकडे काय आहे हें विचारण्याचें तिला कारणच नव्हतें. कसोटी असती तर स्मारक व पक्षिस्थान दोन्ही एकाच वेळीं विचारांत घ्यावीं लागलीं असतीं.

शिवाय रेषा काढण्यास आधीं यादींत नांव पाहिजे. केंद्राच्या यादींत साडेतीन हजारांहून कांहीं अधिक स्मारकें आहेत. राज्याच्या १९६० च्या कायद्याखालीं आणखी थोडीं. अमृतांजन पुलासारख्या असंरक्षित वास्तूस शंभर मीटर तर सोडाच, एक वीतही मिळत नाहीं. आणि यादींत असूनही काय होतें तें पाहा. २०२२ च्या डिसेंबरांत संसदेपुढें सांगण्यांत आलें कीं, संरक्षित स्मारकांपैकीं ५० नाहींशीं झालीं : १४ वाढत्या शहरांत, १२ धरणांच्या पाण्याखालीं, आणि २४ कोठें गेलीं याचा मागमूस नाहीं. २०२४ सालीं त्यांतील १८ यादींतून वगळण्याचें ठरलें. त्यांत हरियाणांतील मुजेसर येथील कोसमिनार आहे. मोंगली राजमार्गावरील अंतर दाखविण्यासाठीं उभारलेला मिनार, आणि आज तोच सांपडत नाहीं. त्याच्या जागेची बिनचूक मोजणी व छायाचित्र कोणाच्या संग्रहीं असतें, तर निदान तो कोठें होता हें तरी दाखवितां आलें असतें.

कोणी असें समजूं नये कीं जुना पूल म्हणजे राखलाच पाहिजे असा आमचा पक्ष आहे. महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला, दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें माणसांसह बुडालीं. जुन्या बांधणीच्या प्रेमापायीं रहदारी तिच्या माथीं मारणें हें पुराणवस्तुप्रेम नव्हे. पण पाडणें व वापरणें या दोहोंपलीकडे तिसरी वाट असते. अहमदाबादेंत साबरमतीवरील १८९२ चा लोखंडी एलिस पूल रहदारीस अपुरा पडला, तेव्हां गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या दोन्ही अंगांस नवे पूल घालण्यांत आले व जुना मध्यें तसाच ठेवला. नदी रुंद होती म्हणून तें साधलें. घाटांत कड्याला लागून असलेल्या रस्त्यावर तेवढी जागा नसते, हें आम्ही जाणतों.

आतां व्यवहाराची गोष्ट. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घेतांना १९५६ च्या कायद्यान्वयें अधिसूचना निघते, आणि तिच्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत हरकत घेतां येते. परंतु हा हक्क त्या जमिनींत हितसंबंध असणाऱ्यास दिलेला आहे. वीरगळाचा शिलालेख वाचणारा त्या जमिनींत हितसंबंधी ठरत नाहीं. ज्याच्या शेतांत तो उभा आहे तो ठरतो. म्हणून हरकतीचा मसुदा त्या खातेदाराच्या नांवें व्हावा, आणि त्यासाठीं त्याची ओळख आधींच असली पाहिजे. मात्र एकवीस दिवसांत नवी शोधयात्रा होत नाहीं. तेवढ्या अवधींत जें टिपण तयार होईल तें मेंफिसच्या प्रतिज्ञापत्रांच्याच जातीचें, मागाहून केलेलें, ठरण्याचा संभव आहे.

तेव्हां आपल्या तालुक्यांतील रस्त्यालगतच्या वास्तूंचें टिपण आजच करावें. त्यांत गांव, गट क्रमांक व खातेदाराचें नांव, विद्यमान रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचें अंतर मीटरांत, लेख असल्यास ठसा व वाचन, तारखेसह छायाचित्र, आणि वास्तूचा कोठें जुना उल्लेख असेल तर त्या कागदाची नक्कल असावी. टिपणाच्या तीन प्रती कराव्या : एक पुरातत्त्व खात्याकडे, एक त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे, एक ग्रामपंचायतींत. तिन्ही ठिकाणीं आवक क्रमांक व शिक्का असलेली पोंच घ्यावी, आणि मूळ टिपणास ती शिवून ठेवावी.