बीचचे धनुष्य : पाठ, पोट आणि कमान

लाकूड आणि हात : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण बीचचा ओंडका पाचरीने उभा फोडला, कापलेल्या टोकांना मेण फासले आणि फाळी सावलीत वाळत ठेवली. घाई एवढ्यासाठी, की बीच पाडून सालीसकट पडू दिला तर एका उन्हाळ्यात त्याला बुरशी धरते. आज त्या वाळलेल्या फाळीतून धनुष्य काढायचे आहे.

युरोपात धनुष्य म्हटले की नाव निघते ते यू वृक्षाचे. आठव्या हेन्रीची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्या अवशेषांत दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली, ती यूची. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाच्या मृतदेहाजवळचे अर्धवट तासलेले धनुष्यही यूचेच. या पंगतीत बीचला कुणी बसवत नाही. मध्य युरोपात त्याची जंगलेच्या जंगले आहेत, पण त्याची ओळख खुर्च्यांचे आणि सरपणाचे लाकूड एवढीच. मला हा अन्याय वाटतो. बीचचे धनुष्य मोडते ते बहुतेक वेळा लाकूड वाईट म्हणून नव्हे, तर यूचा आकार त्याच्यावर लादला म्हणून.

हे समजायला धनुष्याची पाठ आणि पोट ओळखायला हवे. नेम धरल्यावर लक्ष्याकडे असते ती पाठ, आपल्याकडे असते ते पोट. ऊस गुडघ्यावर मोडताना बाहेरची बाजू ताणून फाटते आणि आतली दबून चुरगळते, तेच इथे घडते. दोरी ओढली की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. लाकूड साधारणपणे ताण जेवढा सोसते, त्याच्या निम्माच दाब सोसते. यूच्या गाभ्याचे लाकूड दाब सोसण्यात विलक्षण तरबेज असते, म्हणून इंग्रजांचे लांब धनुष्य अरुंद, जाड आणि पोटाकडे गोलाई दिलेले असूनही टिकते. बीचची पाठ भक्कम, पोट मात्र त्या मानाने नाजूक. त्याला गोलाई दिली की सगळा दाब मधल्या चिंचोळ्या पट्टीवर येतो आणि तिथे आडव्या सुरकुत्या पडतात. पुढे मोड तिथूनच सुरू होते.

उपाय सोपा आहे. पोट सपाट ठेवायचे आणि बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांचे वाकणारे भाग, रुंद करायचे, म्हणजे दाब सगळ्या रुंदीवर वाटला जातो. ही युक्ती आजची नाही. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये मिळालेली, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्मच्या लाकडाची आहेत आणि त्यांचे बाहू रुंद, चपटे आहेत. हाताशी जे झाड होते त्याचा स्वभाव ओळखून त्या कारागिरांनी आकार ठरवला होता.

आता फाळी हातात घ्या. सालीखालचा थर हीच आपली पाठ. साल काढताना त्या थराला सुरी लागता कामा नये, कारण पाठीवरचा तुटलेला तंतू म्हणजे उद्याची चीर. मग तंतूंची दिशा वाचायची. पाठीवर नीट पाहिले तर दोन-चार मिलिमीटर लांबीच्या बारीक तपकिरी रेघोट्या दिसतात. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची ती टोके. तंतू ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने ती लांबट असतात. रेघोट्या फाळीच्या लांबीशी समांतर असतील तर पुढे जा, तिरक्या असतील तर मधली रेघ त्यांच्या कलाने आखा. ही सोय बीचमध्ये फार चांगली आहे.

सुमारे ७० सेंटिमीटर ओढ असलेल्या माणसासाठी धनुष्याची लांबी १७५ ते १८० सेंटिमीटर धरावी. मधोमध १० सेंटिमीटरची जाड, अरुंद मूठ. मुठीपासून निम्म्या बाहूपर्यंत रुंदी ५ सेंटिमीटर, तिथून टोकापर्यंत निमुळती होत सव्वा सेंटिमीटर. बाहूची जाडी सुरुवातीला दीड सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि मग हळूहळू उतरवावी. कुऱ्हाडीने मोठ्या ढलप्या काढायच्या, मग दोन मुठींची सुरी, मग कानस, शेवटी पोलादी पात्याचा स्क्रॅपर. कुऱ्हाड टाकून कानस केव्हा उचलावी, याचे कारण गणितात आहे. बाहूची रुंदी दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. जाडी फक्त दहा टक्के कमी झाली तरी ताठरपणा चौथाईहून जास्त घटतो. शेवटच्या मिलिमीटरला म्हणूनच इतके जपायचे.

आता खरे काम, दोन्ही बाहूंची कमान जुळवण्याचे. आधी टोक जमिनीला टेकवून, मुठीवर भार देऊन बाहू किती वाकतो ते पाहायचे. दोघे सारखे लवू लागले की खाचा पाडून सैल, लांब दोरी बांधायची. मूठ भिंतीवरच्या खुंटीवर टेकवायची, दोरी खालच्या कप्पीतून ओढून घ्यायची आणि चार पावले मागे उभे राहून बघायचे. हाताच्या अंतरावरून जे दिसत नाही ते तिथून दिसते. एखादा पट्टा सरळच राहिला असेल तर तो ताठ आहे, तिथे पेन्सिलीने खूण करून पोटाकडून खरवडायचे. एखाद्या जागी बाहू कोन करून मोडल्यासारखा वाकत असेल तर त्या जागेला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही अंगांना खरवडायचे. प्रत्येक खरवडणीनंतर दोरी वीस-तीस वेळा हळूहळू ओढायची, कारण लाकूड झालेला बदल लगेच दाखवत नाही. आणि जितक्या ताकदीचे धनुष्य हवे त्याहून जास्त जोर कधीही लावायचा नाही. काम संपल्यावर बाहू पोटाकडे तीन-चार सेंटिमीटर झुकलेले राहिले तर काळजी नको, बीचमध्ये तेवढे व्हायचेच.

एक पथ्य मात्र कडक आहे, ओलाव्याचे. बीच ओलसर असताना मऊ आणि लवचीक असते. मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये आणलेली प्रसिद्ध १४ क्रमांकाची खुर्ची बीचचे दांडे वाफेवर वाकवूनच बनवली जात असे. खुर्चीच्या कारखान्यात हा गुण आहे, धनुष्यात तोच दोष ठरतो, कारण ओलसर बाहू वाकला की तसाच राहतो. कमान जुळवायला घेण्याआधी लाकडातला ओलावा आठ ते दहा टक्क्यांवर आलेला असावा. तयार धनुष्याला तेल-मेणाचे हात द्यावेत आणि दमट हवेत त्याची दोरी उतरवून ठेवावी.

पुढच्या आठवड्यात दोरीकडे वळू. युरोपातली जवसाच्या धाग्याची दोरी आणि सातपुड्यातल्या भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याची बांबूच्याच चिपेची दोरी, अशा दोन्ही पाहायच्या आहेत. तोवर एक विनंती. बीचवर, किंवा मिळेल त्या लाकडावर, हात चालवून बघा, पण तयार धनुष्याची दोरी बाण न लावता ओढून सोडू नका. बाणाबरोबर जाणारा जोर मग बाहूंवरच उलटतो आणि चांगले जुळवलेले धनुष्यही एका झटक्यात तुटते.