त्रिकोणाचे कोपरे गेले कुठे?

समभुज त्रिकोण कापायचा, त्याचे फक्त चार तुकडे करायचे आणि तेच जोडून चौरस बनवायचा. कागद उरायला नको, तुकड्यावर तुकडा चढायला नको. जमेल?

कोडी रचण्यात वस्ताद असलेल्या इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांच्या १९०७ सालच्या पुस्तकात हे कोडं आहे. करूनच बघू या.

पुठ्ठ्यावर २० सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण काढा. पायाची टोकं अ आणि क, वरचं टोक ब. ‘अब’चा मध्य ड, ‘बक’चा मध्य इ. आता पायावर अ-पासून ५.१ सेंमीवर प ही खूण करा, तिथून पुढे १० सेंमीवर फ. इ-पासून प-पर्यंत रेघ ओढा आणि ड व फ इथून त्या रेघेवर लंब टाका. रेघांवर कापा. तीन चौकोन आणि एक छोटा त्रिकोण मिळाला ना?

५.१ कशाला, सरळ ५ घेऊ, असं म्हणाल तर फसाल! मग होतो आयत: एक बाजू १३.२३ सेंमी, दुसरी १३.०९. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. खऱ्या चौरसाची बाजू १३.१६ सेंमी भरते.

आता खरी गंमत. चौरसाला चार काटकोन हवेत आणि त्रिकोणात तर एकही नव्हता! ते आले आपल्या लंबांमुळे. प्रत्येक लंब रेघेला टेकतो तिथे दोन्ही बाजूंना एकेक काटकोन होतो. दोन लंब, चार काटकोन, चौरसाचे चार कोपरे. आणि त्रिकोणाचे ६० अंशांचे तीन कोपरे? ते चौरसाच्या पोटात एकाच बिंदूपाशी जमतात. तिघांची बेरीज १८० अंश, म्हणजे सरळ रेघ. त्या रेघेला छोट्या त्रिकोणाची १० सेंमीची बाजू नेमकी चिकटते. किती सुरेख जमलंय!

तुकडे ड, इ आणि फ इथे चिकटपट्टीने जोडून ठेवले तर त्यांची साखळी होते. एका बाजूने गुंडाळली की त्रिकोण, उलट बाजूने गुंडाळली की चौरस. ड्यूडनींनी १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत महोगनी लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची अशीच साखळी दाखवली होती.

मग तीन तुकड्यांत का नाही? याचं उत्तर मिळायला २०२४ साल उजाडलं. जपानमधले तोनान कामाता व र्युहेई उएहारा आणि अमेरिकेतले एरिक डिमेन यांनी सिद्ध केलं, की तुकडे सरळ कडांचे असतील आणि एकही पालथा घालायचा नसेल तर तीन तुकड्यांत हे कधीच जमणार नाही.