अंगणातली फायबरची होडी

रत्नागिरीच्या राजीवड्यापासून हर्णैपर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहिले, तर लहान होड्यांच्या रांगेत आता फायबरची होडी सर्रास दिसते. आंब्याच्या खोडाची, बाजूला उलांडी बांधलेली जुनी होडी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. कारणे सरळ आहेत. जाड, सरळ लाकूड मिळत नाही आणि मिळाले तर परवडत नाही. लाकडी होडी दरवर्षी वर ओढावी लागते, तिला तेल पाजावे लागते, सांध्यांत काथ्या भरावा लागतो. एवढे करूनही समुद्रातली कीड लाकूड पोखरतेच. फायबरला कीड लागत नाही. तिला सांधे नसतात आणि ती वजनालाही हलकी असते.

म्हणूनच खाडीकाठच्या अनेक घरांत विचार सुरू होतो की, कारखान्याला पैसे देण्याऐवजी आपणच आपल्या अंगणात होडी का बांधू नये? ब्रश, रोलर, बादल्या, वजनकाटा आणि एक साचा एवढ्यावर काम होते. मोठे यंत्र लागत नाही. हा विचार चुकीचा नाही. परंतु एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. लाकूड आपला दोष दाखवते. गाठ दिसते, तडा दिसतो, कुजलेला भाग बोटाने कळतो. फायबरची होडी मात्र वरून गुळगुळीत आणि चकचकीतच दिसते, मग आत सहा थर असोत की तीन. तिची सारी ताकद रंगाखाली लपलेली असते. म्हणून ही होडी बांधणे हे हातांच्या कौशल्याइतकेच नियतीचेही काम आहे.

काच आणि रेझिन

सिमेंटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळई जे काम करते, तेच काम येथे काचेचे धागे करतात, आणि सिमेंटच्या जागी असते पॉलिएस्टर रेझिन. अमेरिकेत ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये फायबरग्लासची छोटी होडी बांधली. ती या प्रकारच्या सुरुवातीच्या होड्यांपैकी एक मानली जाते. ब्रिटनमध्ये १९६३ च्या सुमारास 'मिरर' नावाची शिडाची छोटी होडी आली. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर रेझिनमध्ये भिजवलेली काचेची पट्टी चढवायची, अशी तिची रीत होती. सामान्य कुटुंबांनी घरच्या घरी अशा होड्या बांधल्या, आणि आजवर ७० हजारांहून अधिक 'मिरर' तयार झाल्या आहेत.

होडी शिवण्याची कल्पना आपल्या समुद्राला नवी नाही. हिंदुस्थान आणि यमनची जहाजे नारळाच्या काथ्याने शिवलेली असतात, हे चौदाव्या शतकात इब्न बतूता यांनी नोंदवून ठेवले आहे. खडकावर आपटल्यावर खिळ्यांचे जहाज फुटते, शिवलेले तग धरते, असे कारणही त्यांनी दिले आहे. धागाच होडीला एकत्र धरतो, हे तत्त्व जुनेच आहे. आज काथ्याच्या जागी काच आली, इतकेच.

साचा आणि थर

घरी काम करणारे बहुधा चांगल्या जुन्या होडीवरून किंवा प्लायवूडच्या आकारावरून साचा घेतात. साच्यावर मेणाचे अनेक हात द्यावे लागतात. तेथे हयगय झाली तर होडी साच्याला चिकटून बसते. त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत थर येतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असावा. बोट लावल्यावर ठसा उमटतो पण रंग बोटाला लागत नाही, अशा अवस्थेत पहिली मॅट चढवावी.

मॅट म्हणजे काचेच्या तुकड्यांची चटई, तर रोव्हिंग म्हणजे विणलेले जाड कापड. दोन्ही आलटून पालटून लावतात. ब्रशने रेझिन भिजवायचे आणि लोखंडी रोलरने हवा बाहेर काढायची. मॅट नीट भिजली की पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक होते. जेथे पांढरा डाग राहिला तेथे हवा आहे, आणि पुढे नेमके तेथेच पाणी शिरेल. दोन पट्ट्या एकमेकींवर किमान ५ सेंटिमीटर चढल्या पाहिजेत. सगळे थर एका दमात लावू नयेत. रेझिन घट्ट होताना तापते, आणि जाडी एकदम वाढली तर आतून तडे जातात.

हिशेब वजनाचा

अंदाजाने रेझिन ओतणे हा घरगुती कामातला सर्वांत मोठा दोष. मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीच पट रेझिन लागते, तर रोव्हिंगला वजनाइतकेच पुरते. उदाहरण घेऊ. ५ मीटर लांबीच्या उघड्या होडीचे अंग सुमारे १२ चौरस मीटर धरले आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर व ६०० ग्रॅमच्या रोव्हिंगचे दोन थर दिले, तर काच सुमारे ३६ किलो आणि रेझिन सुमारे ६८ किलो लागते. जाडी जवळपास ६ मिलिमीटर येते. कणा, नाळ आणि इंजिन बसण्याची पिछाडी येथे यापेक्षा जास्त थर हवेत. आपल्या होडीला नेमके किती थर लागतील, हे जाणत्या कारागिराकडून किंवा आराखड्यावरूनच ठरवावे.

जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात काच कमी आणि रेझिन जास्त झाले की होडी जड आणि ठिसूळ होते. हार्डनरचेही तसेच आहे. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम पुरतो. उन्हाळ्यात कमी, थंडीत थोडा जास्त. एका वेळी किलोभरच मिसळावे, कारण १५-२० मिनिटांत ते घट्ट होऊ लागते.

कामाचा मोसमही महत्त्वाचा आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात हात मोकळे असतात, म्हणून पुष्कळांना तेव्हाच होडी बांधावीशी वाटते. पण त्या दिवसांतली दमट हवा या कामाची शत्रू आहे. ओल धरलेली मॅट रेझिन नीट पीत नाही. बंदीच्या दिवसांत साचा तयार करावा, आणि थर हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत, दव वाळल्यावर लावावेत.

घरातील माणसे

अंगणात काम म्हणजे घराच्या श्वासात काम. रेझिनचा उग्र वास स्टायरिनचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या वरच्या गटात ठेवले आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते, म्हणजे नेमकी तेथे, जेथे लहान मुले खेळतात. म्हणून थर लावण्याच्या दिवशी मुले आणि गरोदर स्त्रिया नातेवाइकांकडे असाव्यात. काम मोकळ्या मांडवाखाली, घरापासून दूर आणि वाऱ्याच्या दिशेला घर नसेल अशा जागी करावे. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या फिल्टरचा मास्कच लागतो. घासकाम करताना काचेची धूळ उडते, तेव्हा चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

चूल, गॅस, बिडी जवळपास नको. रेझिनची वाफ पेट घेते. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा, हार्डनर नंतर टाकावा. हार्डनर पाण्यासारखा दिसतो, म्हणून तो पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. हातमोजे घालावेतच. रेझिन कातडीवर वाळले की त्याखाली पाणी पोहोचत नाही, त्यामुळे वुजूचाही प्रश्न उभा राहतो.

उलटली तर?

लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा जड असते. फुटलेली होडी इंजिनासह सरळ तळाला जाते. म्हणून बसण्याच्या फळ्यांखाली आणि दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या वर, हवाबंद कप्पे करून त्यांत फोम भरला पाहिजे. थर्माकोल वापरायचा असेल तर त्याला रेझिनचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण स्टायरिनमध्ये तो विरघळतो. बाजारातली होडी स्वस्त पडते ती पुष्कळदा याच कप्प्यांवर केलेल्या बचतीमुळे. पाण्यात उतरवण्याच्या दिवशी, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावी. ती माणसे धरून राहतील इतकी वर राहते की नाही, हे तेथेच कळते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. मागणी पुरवण्यासाठी घाईने नवनवे कारखाने उभे राहिले, आणि अनेक होड्यांचे काम कच्चे निघाले. देणाऱ्याची नियत चांगली होती. घेणाऱ्याला मात्र रंगाखालचे काही दिसत नव्हते.

रंगाखाली कसे पाहावे

ते पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. होडी साच्यातून काढल्यावर कडा कापतात. त्यातला तळहाताएवढा तुकडा बाजूला ठेवावा. मोकळ्या जागी, धुरापासून दूर उभे राहून तो जाळावा. रेझिन जळून जाते, काच उरते. मग थर बोटांनी सुटे करून मोजता येतात. होडी विकत घेतानाही हा तुकडा मागण्याचा आपल्याला हक्क आहे. प्रामाणिक कारागीर तो हसत देईल. नंतर नाण्याने सर्व अंगावर टकटक करत जावे. आवाज खणखणीत हवा. जेथे बद्द आवाज येतो तेथे थर सुटलेले असतात.

होडी पुरी होण्याआधीच मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नोंदणी आणि परवान्याची चौकशी करावी. बांधून झाल्यावर कागदांसाठी धावण्यात मोसम निघून जातो.

वाचकहो, होडीत आपला मुलगा, भाऊ, शोहर बसणार असतो. घरातल्या स्त्रीला रेझिनचे गणित येत नसले तरी तिने तीन प्रश्न जरूर विचारावेत. थर किती दिले? फोम कुठे भरला? भरून पाहिली का? थर आत गेल्यावर ते पाहणारे दुसरे कोणी नसते. बांधणारा आणि त्याचा रब, एवढेच साक्षीदार उरतात. होडीत बसणाऱ्याचा जीव ही अमानत आहे, आणि ती पेलायची असेल तर एक मॅट वाचवून मिळालेले चार पैसे कमाईत धरू नयेत.